वडगावच्या घरातून

बेळगाव

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

या घरात येऊन अडीच महिने झाले, तुम्ही अजून घर बघायला आला नाही. बाबा फोनवर नुसतं "बरं" म्हणतात आणि फोन आईकडं देतात. म्हणून लिहायला बसले.

आधी पैशाचं सांगते. टिळकवाडीत दर अकरा महिन्यांनी भाडं वाढायचं. शेवटी 13,000 वर गेलं, लिफ्टचे वेगळे, आणि लिफ्ट बंदच. इथं वडगावात 5,500, अॅडव्हान्स 50,000. दोन खोल्या, मागं परसू, परसात पेरूचं झाड. पाणी मात्र चार दिवसांनी येतं, तेही पहाटे. खोटं कशाला बोलू?

आता बाबांना टोचतंय ते. घरमालकीण आज्जी विणकर, घरात कन्नड. डावीकडं रिक्षावाले मामू, त्यांच्या घरात उर्दू. समोरचे चंदगडकडचे. आज्जीच्या घरात दोन यंत्रमाग आहेत, आमची भिंत एकच. पहिल्या रात्री खटखटीनं डोळा लागला नाही. चिमी मात्र त्याच आवाजात झोपते. लाईट गेली, माग थांबला, की ही दचकून उठते! मग आज्जी कांड्या भरायच्या सोडून दारात येते नि काहीतरी गुणगुणते. मला त्यातलं अर्धंच कळतं, चिमीला बहुतेक सगळं.

बाबा, 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून आपण पाळतो त्या काळ्या दिनी, तुम्ही मला कॅरिअरवर बसवून संभाजी उद्यानापासून निघणाऱ्या सायकल फेरीत न्यायचा. दंडावरची काळी फीत सैल झाली की मीच बांधायची. ते विसरले नाही. यंदाही आम्ही फेरीत होतो. परत आलो तर आज्जीच्या दारावर कर्नाटकाचा लाल-पिवळा झेंडा. मी काळ्या साडीत, ती उंबऱ्यावर. दोघी एकमेकींकडं बघून आत गेलो. दिवसभर काही बोलणं नाही. रात्री भिंतीवर ठकठक झाली. दार उघडलं तर हातात ताटली, त्यात ज्वारीच्या दोन भाकरी नि शेंगाची चटणी. "ऊटा आतेनवा?" म्हणाली, म्हणजे जेवण झालं का गं. झालेलं, तरी "नाही" म्हणाले नि ताटली घेतली. भाकरी आपल्यासारखीच, थोडी पातळ. चटणीत लसूण जास्त होता, आई, तुला आवडली असती.

तिचा झेंडा काही मला पटलेला नाही, माझी काळी साडीही तिला पटलेली नसणार. पण चिमीला ताप आला तेव्हा रात्री दोन वाजता मामूंनी रिक्षा काढली, पैसे घेतले नाहीत. टिळकवाडीत शेजारच्या फ्लॅटवाल्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं.

आषाढात मंगाईची जत्रा असते, गल्ली पाहुण्यांनी भरते म्हणे. पण तेवढी वाट बघू नका, संक्रांतीला या. खानापूरहून सकाळची गाडी धरा. आई, घरचे तांदूळ दोन शेर जास्त आण, आज्जीला द्यायचेत. बाबा, तिला थोडं मराठी कळतं. सावकाश बोललं की सगळं कळतं.

फक्त येण्याआधी फोन करा. पाण्याच्या दिवशी मी पहाटेपासून नळावर असते, दार उघडायला कोणी नसतं.

तुमची,
पमी