धनकवडी लाल, खराडी हिरवी

बिबवेवाडी, पुणे
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

तुझे मिस्ड कॉल आणि तो ‘जिवंत आहेस का’ मेसेज, सगळं बघितलं. आहे जिवंत. साखर आटोक्यात, गुडघा तसाच, हिचा बीपी गोळीवर. तब्येतीचं झालं, आता कामाचं.

फंडाचे पैसे आलेत. बँकेत ठेवून कुजवण्यापेक्षा भाड्याने द्यायला एक वन बीएचके घ्यावा असं ठरलंय. दोन जागा नजरेत आहेत. एक खराडीला, आणि दुसरी कुठे असेल सांग? धनकवडीला, आपल्या जुन्या गल्लीत. ती पिठाची गिरणी होती ना, तिच्या जागी सहा मजली इमारत उभी आहे. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मालक चाळीस लाखांना द्यायला तयार आहे, भाडं चौदा हजार सहज येतं. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे दोन लाख ऐंशी हजार, वर नोंदणीचे तीस हजार. हिच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट. तेव्हापासून ही मला ‘भाडेकरू’ म्हणते.

तर आमच्या चिरंजिवांनी, म्हणजे पिंट्याने, घोळ घातला. ‘बाबा, भावना बाजूला ठेवा, डेटा बघा’ म्हणाला. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशामुळे पोलिसांना एफआयआर वेबसाइटवर टाकावे लागतात. ते ठाण्यानुसार उतरवून घेऊन त्याने नकाशा रंगवला, गुन्हे जास्त तिथे लाल, कमी तिथे हिरवा. खराडी हिरवीगार. आणि आपली धनकवडी, तळजईपासून पार खालपर्यंत, लालभडक. मी तो नकाशा बघत बसलो आणि मला पहिली तुझीच आठवण आली. सदाशिव पेठेतलं ते स्थळ. मुलीच्या बापाने पत्रिकाही उघडली नव्हती, नुसतं विचारलं, ‘तिकडे राहता होय?’ बाहेर आल्यावर तू अमृततुल्यात दोन चहा प्यायलास आणि पैसे मला द्यायला लावलेस. ते अजून बाकी आहेत.

म्हणून हे पत्र तुला. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, आकडे आहेत, रागावतोस कशाला.

मी रागावलो नाही, पोलिसातल्या आपल्या तात्यांसारखा कागद घेऊन बसलो. एकोणनव्वद साली माझी सायकल गेली तेव्हा आपण रडत तात्यांकडेच गेलो होतो. कुलूप तू लावलं नव्हतंस, तेव्हाही नाही म्हणालास, आताही म्हणशील. तात्या गणवेशात, समोर स्टेशन डायरी, आणि म्हणाले, ‘नोंदवून काय करू? मिळेल चार दिवसांत.’ मिळाली नाही ती नाहीच. कागदावर मात्र आपली गल्ली त्या वर्षी स्वच्छ. पुढे कधीतरी तात्याच म्हणाले होते की ज्या साहेबाच्या ठाण्यात गुन्हे कमी, तो एकतर फार चांगला असतो नाहीतर फार हुशार.

पिंट्याला हे सांगितलं तर तो हसला. मग मी त्याच्या तक्त्यात बोट घातलं. त्याच्या तक्त्यात जुलै २०२४ नंतर धनकवडीत चोऱ्या एकदम उतरलेल्या. का? कारण तो चोरीचं जुनं कलम ३७९ शोधत होता, आणि १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली, चोरी झाली ३०३! चोरांनी नव्हे, कलमाने जागा बदलली. खराडी हिरवी का, तर खराडीला स्वतंत्र ठाणंच २०२४ मध्ये मिळालं. त्या वर्षी शहरात सात नवी ठाणी निघाली, वाघोली, बाणेर, आंबेगाव वगैरे. आधीची खराडी सगळी चंदननगरच्या वहीत. एजंट छातीठोकपणे सांगतो, ‘क्राइम झीरो, सर.’ नव्या पाटीवर जुना डाग कुठून असणार?

आणि आपलं लाल काय आहे बघ. एकाच ठाण्याच्या हद्दीत सहकारनगरचे बंगले, तळजई वसाहत आणि आपण. बंगल्यातल्या आजोबांचे शेअर ट्रेडिंगच्या नावाखाली पैसे गेले, नोंद आपल्या ठाण्यात. रस्त्यावर ट्रकने कुणाला उडवलं, एफआयआर. सासरचा छळ, एफआयआर. जुगाराच्या अड्ड्यावर, हातभट्टीवर धाड, एफआयआर, आणि साहेब जितका कामाचा तितक्या धाडी जास्त. हे सगळं एकेक करून काढलं तेव्हा भाडेकरूच्या झोपेशी संबंध असलेलं उरलं ते घरफोडी, दुचाकीची चोरी आणि गाड्यांची तोडफोड. त्यातही मोबाइल चोरी मी धरत नाही. तक्रारीची कटकट नको म्हणून लोक ‘गहाळ’ असा ऑनलाइन दाखला घेऊन मोकळे होतात. गाडीचा आकडा मात्र खरा, कारण एफआयआरशिवाय विमा मिळत नाही.

पिंट्याचं तोंड पडलं. मग त्याने दिल्लीचा तो गुन्ह्यांचा सरकारी अहवाल, ‘क्राइम इन इंडिया’, काढला. त्यात वीस लाखांवरची एकोणीस शहरं आहेत, पुणेही आहे, पण अख्खं पुणे एका ओळीत. त्यावरून गिरणीच्या जागेवरच्या फ्लॅटचं काय कळणार?

आता मला जे खुपतंय ते. भारती विद्यापीठाच्या मुली तिथे भाड्याने राहतात. त्यांच्या आईबापांना जे हवं असतं, ते या यादीत नसतंच. बाईवरच्या अत्याचाराचे, लहान मुलांचे एफआयआर वेबसाइटवर टाकत नाहीत, आणि टाकू नयेतच. म्हणजे ज्या भीतीपोटी माणूस यादी उघडतो, तीच यादीत नाही.

म्हणून रात्री साडेदहाला एकटाच गेलो. मेडिकल उघडं होतं, खानावळीपुढे मुलींच्या स्कूटी लागलेल्या, दत्ताच्या देवळामागचा दिवा मात्र बंद. इमारतीच्या पार्किंगला गेट नाही. कोयते घेऊन गाड्या फोडणाऱ्या पोरांच्या बातम्या तूही वाचतोस. उघडं पार्किंग बघून पोटात गोळा आलाच, खोटं का बोलू. जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. मी विचारलं, ‘आजी, इकडे कसं आहे हो वातावरण?’ बाळ्या, आवाज थेट त्या सदाशिव पेठेतल्या बापाचा निघाला. आजींनी चष्म्यातून बघितलं आणि विचारलं, ‘राहणार कोण? तुम्ही की भाडेकरू?’

भाडेकरू, म्हटलं. ‘मग त्यांनाच विचारू दे की,’ म्हणाल्या आणि दार लावलं.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. भाडेकरूचा फोटो, आधार, मागचा पत्ता, सगळं मालकाने पोलिसांना कळवायचं. मालकाने भाडेकरूला काय कळवायचं? काही नाही. मी धोका मोजतोय तो दुसऱ्या कुणाच्या तरी रात्रीचा, आणि माझा प्रश्न एवढाच की फ्लॅट दोन महिने रिकामा तर राहणार नाही ना. नावामुळे भाव आधीच पडलेला आहे, भाडं तेवढं पडत नाही कारण पोरींना कॉलेज जवळ हवं. म्हणजे व्यवहार म्हणून आपली गल्लीच बरी, आणि बरी का, तर तिची बदनामी झालीये म्हणून! याचा आनंद मानू की लाज, तूच सांग. विकताना तोच भाव माझ्याही गळ्यात येईल, हे पिंट्याचं म्हणणं मात्र खोडता आलं नाही.

मालकाला मी सांगितलंय, सोसायटीने गेट आणि कॅमेरे बसवायचं ठरवलं, ठराव दाखवला, तर टोकन देतो. माझा वाटा मी आधी भरायला तयार आहे. तो म्हणाला, ‘काका, तुम्ही राहणार नाही तर एवढं कशाला?’ उत्तर सुचलं नाही. दिव्यासाठी महापालिकेत तक्रार टाकलीये, नंबर आलाय, दिवा यायचाय.

तुझं काय? सुमीच्या परीक्षेचं काय झालं? कोल्हापूरचं घर रंगवून झालं का? वहिनींना नमस्कार सांग, आणि त्यांच्या पांढऱ्या रश्श्याची आठवण काढली म्हणावं. तात्यांच्या वर्षश्राद्धाला यायला जमलं नाही, फोनवर बोललोच.

पुढच्या रविवारपर्यंत ये. रात्री दोघं मिळून गल्लीतून एक चक्कर मारू. तुला चौकीतल्या माणसांशी बोलता येतं, मला नाही. आणि येताना चहाचे पैसे घेऊन ये. खराडीचा एजंट रोज फोन करतो, मी उचलत नाही. हे हिला कळू देऊ नकोस, तिला तिथली लिफ्ट आवडलीये.

तुझा,
नाना