खाडीकाठची जुनी हवाई छायाचित्रे लोकांसाठी खुली करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या किनाऱ्यावर उभी राहिलेली तटबंदी आज तिथले अभ्यासक जुन्या हवाई छायाचित्रांवरून शोधून काढतात. मोजणी खात्यात नोकरी करताना मी अशी छायाचित्रे वाचली आहेत. हेच काम आपल्या ठाणे खाडीकाठी व्हावे, असे मला मनापासून वाटते.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि जर्मन फौजा कधीही उतरतील अशी धास्ती इंग्लंडने घेतली. सफोकसारख्या किनाऱ्यावर भराभर रणगाडे अडवणारे काँक्रीटचे ठोकळे, काटेरी तारा, सुरुंगांचे पट्टे आणि पिलबॉक्स, म्हणजे गोळीबारासाठी फटी ठेवलेल्या काँक्रीटच्या छोट्या चौक्या, उभे राहिले. युद्ध सरताच त्यातले बरेचसे काढूनही टाकले. मागे राहिली ती रॉयल एअर फोर्सची छायाचित्रे. लागोपाठच्या दोन फोटोंत साधारण साठ टक्के भाग सामाईक असतो. ते स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळा फोटो दाखवणाऱ्या भिंगांच्या उपकरणाखाली, जुळवले की सपाट कागदावरची जमीन उंचसखल होऊन वर येते. ठोकळे त्यांच्या सावल्यांवरून मोजता येतात. पिलबॉक्सला झोपडीचे सोंग दिले, तरी शिपायांच्या पायवाटा त्याचा पत्ता देतात : गवतातून फिकट रेघा निघतात आणि सगळ्या एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. नुसत्या जुन्या कागदपत्रांतून हे कधीच कळले नसते.

आपल्याकडे खाडीचे नाके राखणारे किल्ले त्याहून कितीतरी जुने आहेत. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीज बांधत असतानाच १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. घोडबंदर आहे, बेलापूर आहे. बेलापूरच्या किल्ल्याभोवतीची जमीन तर १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर पार पालटली. भातखाचरे, मिठागरे, खारे पाणी अडवणारे खारबांध, त्यांतल्या पाणी सोडायच्या उघाड्या यांवर सेक्टर उभे राहिले. किल्ल्याची माची कुठवर होती, धक्क्याची वाट कुठून उतरत होती, हे आता जागेवर जाऊन सांगता येणे अवघड. भरावाआधीच्या छायाचित्रांत ते अजून सापडू शकेल.

अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळातली स्वतःच्या हेरगिरी उपग्रहांची ८ लाख ६० हजारांहून अधिक छायाचित्रे १९९५ मध्ये खुली केली. आपल्या केंद्र सरकारनेही फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे आणि भू-माहितीवरची बंधने बरीच सैल केली. मग सिडकोपूर्व काळातली या पट्ट्याची जी हवाई छायाचित्रे सरकारदप्तरी असतील, ती स्कॅन करून शाळा-महाविद्यालयांना आणि गावकऱ्यांना पाहायला द्यायला काय हरकत आहे? लष्करी ठिकाणे खुशाल झाकावीत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मिठागरांत गुपित ते काय उरले?

ब्रिटनमध्ये १९९५ ते २००२ दरम्यान हौशी स्वयंसेवकांनी युद्धकाळातल्या सुमारे वीस हजार जागांची नोंद केली. आपल्याकडेही असे मदतनीस गावोगाव आहेत. कुठल्या बांधाला काय म्हणत, कुठली उघाडी कोणत्या गावाची, होडी कुठे लागे, हे सांगणारे आगरी-कोळी ज्येष्ठ आज ऐंशीच्या घरात आहेत. छायाचित्रे त्यांच्यासमोर ठेवून नावे लिहून घ्यायची तर ती आत्ताच. जिल्हा प्रशासन, सिडको आणि नवी मुंबई व मीरा-भाईंदर या महापालिकांनी निदान बेलापूर आणि घोडबंदर या दोन किल्ल्यांच्या परिसरापासून याच वर्षी सुरुवात करावी, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती करतो.

आपला,
एक निवृत्त सर्वेक्षक, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई