टिक काढणाऱ्या पोरीच्या वतीनं, पुण्याच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

'आभार-बिभार नको, काम एवढंसं होतं,' असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. आमच्या पावत्यांच्या सॉफ्टवेअरमधली चूक काढून देण्याचं काम एवढंसं असेलही. पण त्या कामाला हात घालण्याआधी तुम्ही जे केलंत ते इथं कोणालाच सुचलं नव्हतं. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. ओळख म्हणावी तर एवढीच, की आमच्या सरपंचांचा पुतण्या तुमच्या ऑफिसात आहे.

दारव्ह्याकडची आमची शेतकरी उत्पादक कंपनी. सोयाबीनची आवक सुरू झाली की एक पोरगी दिवसभर कॉम्प्युटरवर पावत्या करते. फॉर्मवर एक चौकोन आहे, 'बारदाना कंपनीचा'. तो टिक केलेलाच उघडतो, कारण बहुतेकांना पोती आम्हीच देतो. कोणी घरची पोती आणली तर टिक काढायची. पोरगी काढत होती. तरी पावतीवर बारदान्याची कपात हजर!

"बारदाना माहा, अन् पैसेही माह्याच हिशोबातून?" म्हणत लोक तिच्यावर चढायचे. त्यांचंही काय चुकलं? २०२५-२६ साठी सोयाबीनला ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर झालेला, अन् व्यापारी त्याच्या खालचाच भाव सांगतो. अशा वेळी पोत्यामागची कपातसुद्धा झोंबते.

ज्यांनी भरपूर पैसे घेऊन हे सॉफ्टवेअर करून दिलं, त्या शहरातल्या मंडळींना फोन केला. उत्तर तयारच होतं, "युजर एरर आहे. मुलीला ट्रेनिंग द्या, त्याचा चार्ज वेगळा लागेल." स्क्रीन बघायचीही तसदी नाही. इकडे संचालकांतही कुजबुज सुरू झाली, की दुसरी पोरगी पाहावी.

तुम्ही मात्र कोड मागायच्या आधी विचारलंत, "फॉर्म कोण भरतं? तिच्याकडे फोन द्या." मग तिला म्हणालात, "रोज भरतेस तसंच भर, मी बघते. घाई नाही." तिनं टिक काढली, सेव्ह केलं, तीच पावती परत उघडली. टिक जागच्या जागी. "पाहा ना ताई, मी काढतो, अन् ते परत येते." तुम्ही म्हणालात, "तुझं बरोबर आहे गं. चूक प्रोग्रामची आहे. आता फोन स्पीकरवर टाक, तिथं बसलेल्या सगळ्यांना ऐकू दे." पोरीनं आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. तुम्ही तेच वाक्य पुन्हा म्हणालात, सावकाश. खोलीत दोन संचालक होते. एकानं लगेच पंख्याचा विषय काढला.

बिघाड काय, ते नंतर समजलं. टिक नसलेला चौकोन ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही; 'नाही' असं कळवत नाही, त्या नावाचं काही जातच नाही. आणि त्यांच्या कोडात लिहिलेलं, की काही आलं नाही तर 'हो' धरा. ग्रामसभेला न आलेल्यांचे हात वर धरून ठराव पास करावा, तसला कारभार. सॉफ्टवेअर जँगोतलं, म्हणजे वेबवरचे प्रोग्राम बनवायच्या एका तयार सांगाड्यातलं. जँगोच्या स्वतःच्या फॉर्मला हे ठाऊक असतं, तिथं न आलेली टिक म्हणजे 'नाही'च. ते सोडून यांनी माहिती हातानं उचलली होती. 'इनिशियल' म्हणजे आधीच भरून ठेवलेली किंमत; ती कोरा फॉर्म उघडताना दाखवण्यापुरती. भरून आलेल्या फॉर्मातल्या रिकाम्या जागा तिनं भरायच्या नसतात, हे तुम्ही मला दोन वाक्यांत सांगितलंत. त्या चौकोनाला 'रिक्वायर्ड', म्हणजे भरण्याची सक्ती, बंद ठेवायलाही बजावलंत, नाहीतर टिक काढली की फॉर्म पुढंच सरकणार नाही.

चुकून कापलेले बारदान्याचे पैसे परत केले. पोरगी त्याच खुर्चीवर आहे. शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात ताई, पण समोरचा खरं बोलत असेल असं धरून सुरुवात करणारी फार थोडी. ते शहरातले लोक बिल पाठवायला मात्र विसरले नाहीत!

जाता जाता तुम्ही ओलाव्याच्या रकान्यावर बोट ठेवलंत. तिथं १२ आधीच भरलेले यायचे, हमीभावाच्या नेहमीच्या अटीप्रमाणे. २०२४ च्या हंगामात केंद्रानं १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली, तरी आमचा फॉर्म १२ वरच. मोजून १२ आले, की ओलावा मोजायचं मीटर मोकळं नव्हतं म्हणून न मोजता तसेच राहिले, नोंदीवरून काहीच कळत नाही. आता तो रकाना कोरा उघडतो, आणि न मोजता पावती होत नाही. जुन्या १२ च्या नोंदी बदललेल्या नाहीत. तुम्ही सांगितलंत तशी त्यांच्यापुढं 'खात्री नाही' अशी खूण केली आहे, आणि ते काम पोरीनंच केलं.

आपला,
कंपनीचा एक संचालक
(पंख्याचा विषय काढला तो मी नव्हे, दुसरा)