कुंभार्ली घाटाखालच्या मिस्त्री मामांना जाहीर आभार

मिस्त्री मामा, रामराम.

तुम्ही मोबाईलवर फार काही वाचत नाही हे माहितीय, त्यामुळे तुमच्या पोराला पाठवतोय, तो वाचून दाखवेल. खरंतर फोनवर आभार मानून झालेत, पण आमच्यासारखे बाकीचे अकरा-बारा टनी गाडीवाले पण हे वाचतील म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, माझी गाडी सांगली-कराड-पाटण-चिपळूण लाईनीवर चालते, जाताना साखर, गूळ, किराणा आणि येताना बऱ्याचदा चिरा. मागचं डावं चाक गरम व्हायला लागलं होतं. घाट उतरला की ब्रेकचे लायनर (ड्रमला घासणारे पट्टे) जळाल्याचा वास, ड्रमजवळ (चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा) हात नेता येत नव्हता. आमच्या गावाकडच्या एका गॅरेजनं आधी लायनर बदलले, मग बेअरिंग टाकलं, मग म्हणाले आता ब्रेक चेंबरच (हवेच्या दाबानं ब्रेकचा रॉड ढकलणारा डबा) टाकून घ्या. दरवेळी थोडे दिवस बरं आणि परत तेच. त्यांच्याकडं लॅपटॉप आहे, स्कॅनर आहे, बसायला एसी आहे, फक्त ग्रीसविना सुकलेल्या बुशला (ब्रेकचा कॅम ज्यात फिरतो ती कडी) सेन्सर नसतो ना!

तुम्ही चाक खोललंच नाही आधी, आणि मला तेच लय आवडलं. पुढच्या चाकांना दगड लावले, ब्रेकच्या टाकीत हवा फुल करायला लावली, पार्किंग ब्रेक सोडायला लावला, मागं जॅक घेतला आणि चाक हातानं फिरवून बघितलं, फिरेना. मग मला केबिनमध्ये बसवून पेडल दाब, सोड, दाब, सोड, आणि तुम्ही बॅटरी घेऊन खाली. उजव्या चेंबरचा रॉड लगेच मागं येत होता, डाव्याचा अर्ध्यात अडकत होता. इथंच दुसरा कोणी असता तर चेंबर गेला म्हणून मोकळा झाला असता. तुम्ही रॉड आणि स्लॅकमधली (रॉडच्या ढकलीनं कॅम फिरवणारा दांडा) पिन काढली (आणि खालून ओरडलात, पार्किंगला हात लावू नको, माझी बोटं आहेत इथं). पिन काढल्या काढल्या रॉड सटकन आत गेला. म्हणजे चेंबर चांगला. आणि स्लॅक पान्यानं धरून हलवला तर कॅम (फिरून लायनर ड्रमवर दाबणारा शाफ्ट) जागचा हलेना. "चेंबर घेऊ नको, बुश जाम हाय," एवढंच बोललात. मी तर चेंबरसाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते.

कॅम बाहेर काढला तेव्हा दिसलं, ग्रीसचा निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) लाल मातीनं बंद झालेला, आत ग्रीस पोचतच नव्हतं. लायनर टाकताना त्या लोकांनी चाक खोललं होतं, कॅम तिथंच समोर होता, पण हात लावला नाही. पेडल सोडलं तरी कॅम पूर्ण मागं फिरायचा नाही, लायनर ड्रमला घासत राहायचे, नवे टाका नाहीतर जुने. तुम्ही कॅम घासून साफ केला, नवे बुश, सील, निप्पल टाकलं, आणि बिलात बुशचा सेट आणि मजुरी सोडून एक रुपया जास्त नाही.

पण मामा, आभार खरं तर काम चालू असताना जे बोलत होतात त्याचे मानायचेत. हवेच्या ब्रेकमध्ये पेडलवरून काही कळत नाही हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, रॉडला जास्त चाल लागते, आणि चाल संपली की ब्रेक संपला, पण पायाला पेडल तसंच लागतं. आणि स्लॅक ऑटोमॅटिक (आपोआप टाईट होणारा) असून सारखा हातानं टाईट करावा लागत असेल तर रोग दुसरीकडं आहे, हे पण. ते गॅरेजवाले दरवेळी तेच करून द्यायचे. पार्किंगच्या चेंबरची मागची बाजू खोलायची नाही, आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते, सुटली तर माणूस जातो, हे सांगताना तुमचा चेहरा असा झाला की जास्त विचारायची हिंमत झाली नाही.

आणि ते न्यूट्रलचं. आमच्या लाईनीवर कितीतरी जण डिझेल वाचतं म्हणून घाटात न्यूट्रल करतात. तुम्ही सांगितलंत ते मी आता प्रत्येकाला सांगतो, आताच्या कॉमन रेल (कॉम्प्युटर डिझेल सोडतो अशा) इंजिनात गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल मिळणं बंद होतं, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जातं, वर इंजिनचा ब्रेक गेला आणि एक्झॉस्ट ब्रेकचा (धुराची वाट अडवून इंजिनला रोखणारा) पण उपयोग नाही. काही जण ऐकतात, काही हसतात. हसणाऱ्यांना मी पोफळीच्या उतारावर पुढं जाऊ देतो.

ब्रेकच्या हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडतोय. पावसाळ्यात कोकणात किती पाणी निघतं ते बघून हैराण झालो, आणि पाण्याबरोबर तेल दिसलं म्हणजे कॉम्प्रेसर किंवा ड्रायर (हवेतलं पाणी काढणारा) बघायचा हे लक्षात आहे, अजून तरी नुसतं पाणीच आहे. धुराच्या पाइपात युरिया फवारणाऱ्या नोझलवर पांढरं साठलं होतं ते कोमट पाण्यानं विरघळलं, बदलायची गरज पडली नाही.

चाक आता थंड आहे. घाट उतरून थांबलो की दोन्ही बाजूंना हात लावून बघतो, सारखंच लागतं.

दसरा झाला की येतो तुमच्याकडं. मागचा पाटा (स्प्रिंगच्या पट्ट्या) उजवीकडं करकरतोय, लोड असताना जास्त. पाटा एक्सलला आवळणारे यू बोल्ट तुम्ही सांगितल्यासारखे लोडवर चालवून परत टाईट केलेत, त्यामुळं ते नसावं, मला सेंटर बोल्टची (पट्ट्या मधोमध एकत्र धरणारा) शंका आहे, बघून सांगा. आणि यावेळी गूळ घेऊन येतोय, पैसे द्यायला निघालात तर भेल्या परत गाडीत टाकीन.

तुमचा,
सांगलीचा गाडीवाला