खड्डेच सापडलेत, पण ऐका

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "मग, काय सापडलं?" मी "खड्डे" म्हणाले आणि रेंज गेली. चेष्टा वाटली असेल, पण खरंच खड्डेच सापडलेत आणि सध्या त्यांनीच डोकं खाल्लंय.

आम्ही उत्खनन करतोय तो सौराष्ट्रातला टिंबा, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, हडप्पा काळातला. विटांची भिंत लागली तर प्रश्न नसतो, तिला कड असते. खड्डा म्हणजे मातीत भरलेली माती. सकाळी ऊन तिरपं असताना थापीने जमीन तासायची, वर पंपाने हलकं पाणी फवारायचं. भरावाची भुसभुशीत माती बहुधा ओल जास्त धरते, म्हणून सुकताना थोडा वेळ डाग दिसतो. तेवढ्यात टोकाने रेघ ओढून घ्यायची. ऊन चढलं की सगळं एकरंगी. रंग मन्सेल चार्टवर, म्हणजे मातीच्या रंगांच्या नंबर दिलेल्या तक्त्यावर, जुळवून '१० वायआर ५/४' असा लिहायचा. पण एकाच ढेकळाला दोघं दोन आकडे देतात. कामाला येणाऱ्या एक बेन चार्टकडे ढुंकूनही बघत नाहीत. तळहात फिरवून म्हणतात, "अहीं पोची छे," म्हणजे इथे मऊ आहे, आणि कड बहुतेक तिथेच निघते. फॉर्मात याला रकाना नाही; मी शेऱ्यात लिहिते.

शिवाय उंदरांची बिळं, बाभळीची मुळं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यातून वरचा मणी घरंगळत कितीतरी जुन्या थरात जाऊन बसतो.

म्हणून आधी खड्डा अर्धाच उपसायचा, उभ्या छेदाचं चित्र १:१० मध्ये काढायचं, मग उरलेला. तो कुठल्या थरातून खोदलाय ते छेदातच कळतं. पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिसने १९७३ मध्ये इंग्लंडात विंचेस्टरला थरांचा क्रम मांडायची जी रीत बसवली, तीत खोदणं वेगळं आणि भरणं वेगळं, दोन्हींना स्वतंत्र नंबर. बरोबरच आहे. धान्यासाठी खोदलेल्या खड्ड्यात पुढच्या पिढीने राख टाकली असेल, तर राखेवरून खोदण्याचं कारण कसं सांगणार?

खरी भांडणं नावावरून. लोथलचा तो दोनशे मीटरहून लांब विटांचा हौद आठवतो? एस. आर. राव यांनी १९५५ पासून तिथे उत्खनन केलं आणि त्याला गोदी ठरवलं; काही अभ्यासक त्याला पाण्याचं तळं म्हणतात. गोदी असेलही. पण एकदा पाटी लागली की लोक पाटीच बघतात. म्हणून मी लिहिते, 'गोल खळगा, तळाशी राख, कडा भाजलेल्या नाहीत.' 'चूल?' हे बाजूला, पेन्सिलने. उपसलेला खड्डा पुन्हा तपासायला कुणालाच मिळत नाही.

आई, एका घराच्या जमिनीचे लिंपणाचे पापुद्रे छेदात एकावर एक दिसतात, तुझ्या आजोळच्या पडवीसारखे. प्रत्येकाला वेगळा नंबर द्यायचा की सगळी मिळून एकच जमीन धरायची, यावर रोज जेवताना वाद.

बाबा, सिटी सर्व्हेत तुम्ही पक्की नसलेली हद्द तुटक रेषेने दाखवायचात ना? इथे एकाला सगळ्या रेषा अखंड हव्यात, नकाशा 'स्वच्छ' दिसतो म्हणे. महिनाअखेरीस नकाशे बडोद्याला आणतेय. डिपार्टमेंटला देण्याआधी दांडिया बाजारात तुमच्यासमोर पसरते. लाल पेन्सिल काढून ठेवा. आणि आई, भाकरवडी नको, साधं वरण-भात कर.

तुमची,
मनू