गाडी वर्कशॉपमध्ये सोडण्याआधी: सईस पत्र

चि. सई हिला अनेक आशीर्वाद.

हायब्रिड गाडीचा बिघाड आणि वर्कशॉपची वॉरंटीवरून टाळाटाळ, यामुळे काल फोनवर तू इतकी वैतागलेली होतीस की मला सांगायचं होतं त्यातलं निम्मंही बोलता आलं नाही, म्हणून लिहून पाठवते. घाईघाईत वाचू नकोस. जॉबकार्डचा भाग तर वर्कशॉपला निघण्याआधी पुन्हा एकदा वाच. ग्राहक आयोगाच्या कार्यालयात माझी सगळी नोकरी गेली, गाड्यांच्या तक्रारींच्या फायली हाताखालून गेल्या. त्या वाचून माझं एक मत पक्कं झालंय. वॉरंटीच्या भांडणाचा निकाल बहुतेक वेळा वर्कशॉपच्या काउंटरवरच लागलेला असतो. गाडी आत घेताना जो कागद लिहितात, त्या जॉबकार्डवर.

आधी गाडीचं बघू. मीटरवर लाल त्रिकोण आला, हायब्रिड सिस्टीम तपासून घ्या अशी सूचना आली, म्हणजे मोठी बॅटरी गेलीच असं धरून चालू नकोस. तुझी गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी. त्यामुळे तिच्यात दोन बॅटऱ्या आहेत: एक लहान, आणि मोटरला वीज देणारी एक मोठी. लहान १२ व्होल्टची बॅटरी साध्या गाडीतल्यासारखं इंजिन फिरवत नाही. गाडीतले संगणक जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे वीज जोडणारे स्विच, जोडून द्यायचे, एवढंच तिचं काम. पण ती कमजोर झाली की मीटरवर भलभलत्या सूचना येतात आणि ‘रेडी’चा दिवा लागत नाही. तू साइटवर गेलीस की गाडी आठवडेच्या आठवडे पार्किंगमध्ये उभी असते, त्यामुळे माझा पहिला संशय तिच्यावर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात. १२ च्या खाली गेली असेल तर आधी तिची लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घे. तिची वॉरंटी वेगळी आणि कमी मुदतीची असते, पण बदलायचा खर्च मोठीच्या मानाने काहीच नाही.

मोठ्या बॅटरीचं वेगळं. तिथे पावणेदोनशे-दोनशे व्होल्ट असतात आणि लहान लहान सेल एकापुढे एक जोडलेले असतात. बॅटरीवर लक्ष ठेवणारा संगणक, म्हणजे कंट्रोलर, सेलच्या प्रत्येक गटाचा व्होल्टेज सारखा मोजत असतो. एखादा गट दुबळा झाला की तो इतरांआधी भरतो आणि इतरांआधी रिकामा होतो. हा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की फॉल्ट कोड पडतो, म्हणजे बिघाड कोणता ते सांगणारा क्रमांक गाडीच्या संगणकात नोंदला जातो. पी०ए८० हा कोड निघाला तर त्याचा सरळ अर्थ बॅटरी पॅक बदला असा आहे. पण पी०एए६ निघाला तर गोष्ट वेगळी. म्हणजे उच्च दाबाची वीज कुठेतरी गाडीच्या बॉडीकडे झिरपतेय. मग दोष केबलमध्ये असेल, एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये असेल, ओल शिरली असेल किंवा उंदराने वायर कुरतडली असेल. बॅटरी ठणठणीत असू शकते. म्हणून ‘बॅटरी गेली मॅडम’ एवढ्यावर मान डोलावू नकोस. कोड कोणता, हे विचार. आणि त्यांच्या स्कॅनरचा पूर्ण प्रिंटआउट माग, कोड पडला त्या क्षणीचे आकडे त्यात असतात: व्होल्टेज, तापमान, वेग.

पहिल्या खेपेला त्यांनी कोड पुसून गाडी परत दिली आणि कागदावर काहीच लिहिलं नाही, हे ऐकून मला फार राग आला. कोड पुसला की त्याच्यासोबतचे हे आकडेही जातात. बिघाड आला होता याचा पुरावाच नाहीसा होतो. आता गाडी नेशील तेव्हा आधी प्रिंट, मग काय पुसायचं ते पुसा, असं स्पष्ट सांग.

अजून एक काम तुझं तुलाच करता येईल. मागच्या सीटजवळ हवा आत घेणारी जाळी आहे, मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारा पंखा तिथूनच केबिनमधली हवा ओढतो. तुम्ही शेरू कुत्र्याला घेऊन पुण्याला आलात तेव्हा त्या जाळीवर मी बोट फिरवलं, तर नमद्यासारखा केसांचा जाड तुकडा निघाला. वर त्याचं पांघरूण अर्ध्या जाळीवर आलेलं. हवा कोंडली की बॅटरी तापते, आणि तापलेल्या बॅटरीकडून कंट्रोलर काम कमी करून घेतो. सततच्या उष्णतेने तिचं आयुष्यही घटतं. मोबाइलच्या टॉर्चने जाळी बघ, जशी असेल तसा फोटो काढ, मग व्हॅक्यूमने साफ कर. आतला फिल्टर कसा काढायचा ते मॅन्युअलमध्ये आहे. जाळी साफ ठेवणं ही मालकाची देखभाल आहे, ती लपवायला जाऊ नकोस. त्यांनी विचारलं तर खरं ते सांग. खरं सांगणाऱ्याची बाजू शेवटपर्यंत बदलत नाही. एकदा खोटं निघालं की तुझ्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही, हे मी फायलींमध्ये पाहिलंय.

उच्च दाबाच्या विजेच्या, नारिंगी रंगाच्या जाड केबल मात्र तू किंवा ओळखीच्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनने उघडायच्या नाहीत. मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) वीज राहते, प्रशिक्षित माणसंसुद्धा काही मिनिटं थांबून, हातमोजे घालून, मीटरने खात्री करूनच हात लावतात. रस्त्यात गाडी बंद पडलीच तर फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, मागव. पुढची चाकं रस्त्यावर फिरवत ओढू देऊ नकोस, त्यासोबत आतली मोटर फिरते आणि वीज तयार करते. साइटवर जाताना गाडीची किल्ली शेजाऱ्यांकडे देत जा. दोन-तीन महिन्यांत एकदा तरी अर्धा तास गाडी चालली पाहिजे, नाहीतर मोठी बॅटरीही उतरत जाते. आणि सिग्नलला लांब थांबायचं असेल तर गिअर एन (न्यूट्रल) वर ठेवू नकोस, त्यात ती चार्ज होत नाही.

आता वॉरंटी. आपल्याकडे टोयोटा, मारुती सुझुकी आणि होंडा या तिघांच्याही स्ट्राँग हायब्रिड (थोडं अंतर नुसत्या विजेवरही चालणाऱ्या) गाड्यांना मोठ्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोवर वॉरंटी आहे. गाडीच्या साध्या वॉरंटीपेक्षा ही वेगळी आहे. काउंटरवरचा मुलगा ‘तुमची वॉरंटी संपली’ म्हणाला तेव्हा तो बहुधा साध्या वॉरंटीबद्दल बोलत होता. तू गाडी २०२२ च्या दिवाळीत घेतलीस आणि लाखभर किलोमीटरही झालेले नाहीत. वॉरंटीची पुस्तिका काढ. बॅटरीचं पान आणि कशाला वॉरंटी लागू नाही ते पान, दोन्हींचे फोटो मोबाइलमध्ये ठेव. पूर, अपघात आणि बाहेरून केलेले बदल यांना सहसा वगळलेलं असतं. पुराचं नुकसान विम्याच्या खात्यात जातं, वॉरंटीच्या नाही.

तुला लाखांच्या घरातलं एस्टिमेट दाखवून ‘बाहेरून डॅशकॅम बसवलाय, म्हणून वॉरंटी रिजेक्ट होऊ शकते’ असं सांगितलं. ‘होऊ शकते’ हे उत्तर नाही. डॅशकॅमची वायर १२ व्होल्टच्या बाजूला जोडलेली आहे. तिच्यामुळे मोठ्या बॅटरीचा कोणता भाग, कसा बिघडला, हे त्यांनी लिहून द्यावं. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांच्या प्रकरणात म्हटलं होतं की बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. ते प्रकरण पुढे अपिलात गेलं, त्यामुळे काउंटरवर जाऊन कायद्याची पोपटपंची करू नकोस. पण त्यामागचा तर्क धरून ठेव. कारण दाखवा आणि लेखी द्या, एवढंच म्हण.

आणि जॉबकार्ड. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर घाईत असतो, तो ‘जनरल चेकअप’ किंवा ‘वॉर्निंग लाइट’ एवढं टाइप करून स्क्रीन तुझ्यापुढे सरकवेल आणि सही मागेल. तिथे सही करायची नाही. तुझ्या शब्दांत तक्रार लिहायला लाव: कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, चढावर की सपाटीला, एसी चालू होता का, कोणता दिवा लागला, गाडीची ताकद कमी झाली का, आणि याआधी याच तक्रारीसाठी गाडी इथेच आणली होती. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण पहिल्या खेपेचा कागद तुझ्याकडे नाही. तो म्हणेल सिस्टीममध्ये एवढं मावत नाही. मग त्या प्रिंटवर पेनाने लिही, त्याची सही आणि शिक्का घे, फोटो काढ. त्याच संध्याकाळी हेच सगळं वर्कशॉपला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला एकाच मेलमध्ये पाठव. फोनवर जे बोलणं होईल तेही ‘आज तुम्ही मला असं सांगितलंत’ म्हणून मेलवर टाक. आवाज चढवायचा नाही. तो मुलगा पगारी आहे, निर्णय त्याच्या हातात नाही, त्याच्याशी नीटच बोल.

पॅक बदलून मिळाला तर शून्य रुपयांचं बिल मागून घे. काम वॉरंटीत झालं याचा तोच पुरावा. त्यावर नव्या पॅकचा सीरियल नंबर हवा. नव्या पॅकला पुढची वॉरंटी किती, तेही विचार; सहसा मूळ मुदतीतलं उरलेलंच मिळतं.

नाहीच ऐकलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदव. अशा तक्रारी तिथून थेट कंपनीकडे जातात आणि बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. त्यापुढे ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तू जिथे राहतेस किंवा काम करतेस तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली म्हणून बंगळूरहून पुण्याला खेपा घालायला नकोत. ही सोय १९८६ च्या कायद्यात नव्हती आणि तिच्याअभावी किती लोकांनी नाद सोडून दिला, ते मी पाहिलंय. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा तर असा कायदाच नव्हता. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. गाडी १० ते २० लाखांतली म्हणून शुल्क ४०० रुपये.

पण नवी गाडीच द्या अशी मागणी करायची घाई करू नकोस. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारीच्या एका प्रकरणात म्हटलंय की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची असेल, तर तेवढंच मागता येतं. तू पॅक मागशील, गाडी बंद होती त्या काळातला प्रवासखर्च मागशील, ते टिकेल. निकाल तीन महिन्यांत, तांत्रिक तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा सांगतो; प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. म्हणून माझा सगळा भर काउंटरवर आहे.

कंपनीला पाठवायच्या मेलचा मसुदा मी करून ठेवलाय, आज रात्री पाठवते. तारखा आणि किलोमीटरच्या जागा रिकाम्या आहेत, त्या तू भर. पहिल्या खेपेची तारीख आठवत नसेल तर त्या दिवशीचा वर्कशॉपचा एसएमएस किंवा टॅक्सीची पावती शोध. शनिवारी गाडी सोडशील तेव्हा सही करण्याआधी जॉबकार्डचा फोटो मला पाठव, मी फोनजवळच असेन.

तुझी,
आई