पाडव्याच्या सकाळी सगळेच बदलू नका

प्रति,
संपादक,
स. न.

गुढीपाडवा जवळ आला की पुरवण्यांत आणि मोबाइलवर ‘सात दिवसांत शरीरशुद्धी’चे तक्ते फिरू लागतात. चहा बंद, साखर बंद, अनशापोटी कडुनिंबाचा पेलाभर रस, दुपारी जेवणाऐवजी दुधीचा रस, पहाटे तासभर धावणे. सगळे एकाच दिवशी सुरू होते आणि बहुतेकांचे चौथ्या दिवशी संपते.

आयुर्वेदाने ऋतुबदल असा एका तारखेला टांगलेला नाही. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात, हा ऋतुसंधी. त्या चौदा दिवसांत जुने हळूहळू सोडायचे आणि नवे हळूहळू धरायचे. चरकसंहितेत तर वाईट सवय पाव-पाव हिश्शाने सोडण्याचा क्रम दिला आहे. शिवाय पाडवा चांद्र पंचांगाने येतो. २०२४ मध्ये तो ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, २०२६ मध्ये १९ मार्चला. तीन आठवड्यांनी मागेपुढे होणाऱ्या दिवशी हवा सारखी कशी असेल?

चहाचेच घ्या. दिवसाला चार कप घेणाऱ्याने तो एकदम तोडला, तर १२ ते २४ तासांत डोके धरते, पुढचे एक-दोन दिवस ते सर्वांत जास्त ठणकते आणि आठवडाभर कुरकुर राहू शकते. लोक याला ‘विष बाहेर पडतंय’ म्हणतात. विष वगैरे काही नाही, कॅफिन तुटल्याचा हा परिणाम. पहिल्या दिवशी संध्याकाळचा कप सोडावा, पाचव्या दिवशी दुपारचा, नवव्या दिवशी सकाळचा दुसरा. उठल्यावरचा कप राहू द्यावा. साखर दर चार दिवसांनी कपामागे अर्धा चमचा कमी केली, तर जिभेला फारसे कळतही नाही.

व्यायामाचेही तसेच. वसंतात कफ पातळ होतो म्हणून व्यायाम सांगितला आहे खरा, पण अर्ध्या शक्तीने. कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला आणि तोंडाने श्वास घ्यावासा वाटला, की थांबायचे. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. म्हणून वीस मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून दर दोन दिवसांनी पाच मिनिटे वाढवावीत. अकोला-नागपूरकडे एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे सातच्या आत घरी यावे. ग्रंथांनी वसंतात दुपारची झोप वर्ज्य आणि ग्रीष्मात चालेल असे म्हटले आहे. विदर्भातला चैत्र पुष्कळदा ग्रीष्मासारखाच तापतो, त्यामुळे तिथे वीस मिनिटांच्या डुलकीला माझी हरकत नाही.

आता कडूविषयी, कारण गोंधळ इथेच जास्त आहे. पाडव्याचा प्रसाद चार माणसांना असा पुरतो: कडुनिंबाची २०-२५ कोवळी पाने, फुले मिळाली तर चमचाभर, चार तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ दोन चमचे, अर्धा चमचा ओवा, चार मिरे, चिमूटभर हिंग, मीठ, थोडी चिंच आणि सुपारीएवढा गूळ. सगळे पाट्यावर वाटून प्रत्येकाला बोराएवढी गोळी. जून पाने घेतली की चोथा होतो, मग तो झाकायला गूळ वाढतो आणि प्रसादाची चटणी न राहता वडी होते. पेलाभर रस रोज पिणे ही वेगळीच गोष्ट आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर त्याने फार खाली जाऊ शकते. गर्भवतींनी आणि लहान मुलांनी तो घेऊच नये.

पाने तोडताना झाडही ओळखावे. कडुनिंबाच्या देठाला पाने दोन्ही बाजूंनी थेट लागलेली असतात, फुले पांढरी. बकाण निंबाच्या देठाला आधी उपदेठ फुटतात आणि पाने त्यांवर येतात, फुले जांभळट. बकाणाची फळे विषारी आहेत. रस्त्याकडेच्या धुरकट झाडाची पाने घेऊ नयेत, हे सांगायला नकोच.

दुधीचा कडूपणा मात्र जिवावर बेततो. त्यात कुकुरबिटासिन नावाचे द्रव्य वाढले की दुधी कडू होतो. असा रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, प्रसंगी रक्ताची उलटी होऊन रक्तदाब कोसळतो. त्यावर उतारा नाही, आपल्या देशात माणसे दगावली आहेत. ‘कडू तेवढे औषधी’ म्हणून लोक नेटाने पेला संपवतात आणि तिथेच घात होतो. चिरण्याआधी दोन्ही टोकांची पातळ चकती जिभेला लावून पाहावी. कडवटपणाची नुसती शंका आली तरी अख्खा दुधी टाकून द्यावा. आले, लिंबू, पुदिना घालून चव झाकू नये. त्याने विष जात नाही, इशारा तेवढा जातो. प्यायल्यावर पोट बिघडले तर घरी थांबू नये, दवाखाना गाठावा आणि उरलेला रस सोबत न्यावा.

मिठाचे पाणी पिऊन घरच्या घरी वमन, म्हणजे मुद्दाम उलटी करण्याचा प्रकारही वाढला आहे. रक्तातले सोडियम त्याने धोकादायक पातळीवर जाऊ शकते. वासंतिक वमन हा वैद्याच्या देखरेखीखालचा उपचार आहे, त्याआधी कित्येक दिवस तयारी करावी लागते.

एक विनंती: पाडव्याच्या पुरवणीत दुधीच्या रसाची कृती छापणारच असाल, तर चकती चाखून पाहण्याची ओळ कृतीच्या पहिल्या पायरीत छापावी, तळटिपेत नको.

– एक वैद्य, अकोला